दम न लागता म्हणायचं वाक्य

मी बत्तीस वर्षं एसटी चालवली. धावणारा माणूस कसा दिसतो ते मी आरशात पाहिलेलं आहे. स्टँडवरून गाडी हलली की मागून कुणीतरी पिशवी सांभाळत, एक हात वर करून "ओ डायवर, ओ डायवर" करत यायचंच. डोकं ठिकाणावर असलं तर थांबायचो. नसलं तर नाही थांबायचो, खोटं कशाला बोलू. थांबलोच तर तो माणूस दांडी धरून वर यायचा, आणि कंडक्टर विचारायचा, "कुठं?" आता हा काय सांगणार? छाती भात्यासारखी वरखाली, तोंडातून नुसतं "हा... हा..." कंडक्टर आपला वाट बघत उभा. मग आम्ही दोघं हसायचो. म्हणायचो, पावणं, गावाचं नाव मागंच राहिलं का काय तुमचं?

तर असा मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी स्वतः धावायला लागलो. आता सहासष्ट चालू आहे. लोक विचारतात, नाना, हे काय खूळ काढलंय? कुणी म्हणतं शुगर झाली असेल. कुणी म्हणतं बायको गेल्यावर माणसाचं असं होतं. त्यातलं दुसरं खरं आहे, पण लोकांना वाटतं त्या अर्थानं नाही.

आमची वस्ती बोरी बुद्रुकच्या खालच्या अंगाला, कुकडीच्या काठाला. दोन खोल्या, एक पत्र्याचा गोठा, एक म्हैस. मुलगी लग्न होऊन चाकणला गेली. रिटायर झाल्यावर आम्ही दोघंच. सगळ्यात जवळचं घर म्हणजे पिकअपवाल्याचं. तो माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, आपला आणि दुसऱ्यांचा टोमॅटो पिकअपमध्ये भरून नारायणगावच्या मार्केटला नेतो. मला नाना म्हणतो, हिला काकी म्हणायचा. त्याचा मळा आमच्यापासून सव्वा किलोमीटर. मधे नुसता ऊस, दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर.

आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या हिवाळ्यात फार झालं होतं. पिकअपवाल्याच्या गोठ्यातनं कालवड नेली होती, त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. वनखात्याची माणसं वस्त्यावस्त्यांवर येऊन सांगून गेली होती: पहाटेचं, संध्याकाळचं बाहेर पडू नका, पोरं आत घ्या, आरडाओरडा ऐकू आला तर दार लावून आतून ताटल्या वाजवा, फटाके उडवा. सगळे तसंच करत होते. आम्हीही करत होतो. हिनं तर एक जुनं परातीचं बूड आणि लाटणं दाराशीच ठेवलं होतं.

त्या पहाटे पाच वाजता ही उठून बसली आणि म्हणाली, "छातीवर कुणी बसल्यावानी व्हतंय." घाम एवढा, की पोलकं पिळून काढावं. लाईट आदल्या संध्याकाळपासून गेलेली. लाईट गेली की दोन-चार तासांत टॉवर पण बसतो, मोबाईलला रेंज नावालासुद्धा नव्हती. मोटारसायकल चार दिवसांपूर्वी ओतूरला इंजिनकामाला टाकलेली. जन्मभर पन्नास-पन्नास माणसं गाडीतून नेली मी, आणि घरात बायको अशी बसलेली असताना दारात एक चाक नव्हतं.

ती म्हणाली, "तुमी जा पिकअपवाल्याकडं. मी बसते हितंच. लवकर या."

मी बॅटरी घेतली आणि धावलो. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा धावलो असेन. एसटीच्या डायवरचं पोट असतं ना, तसं माझं पोट. पायात स्लिपर. दोनशे पावलांत एक स्लिपर गेली, मग दुसरी मीच फेकली. आणि वेड्यासारखा ओरडत सुटलो. "अरे या रे! कुणीतरी या! या रे!" सगळा ऊस जागा होईल एवढा ओरडलो. ती माझी पहिली चूक. आमच्याकडं पहाटेच्या अंधारात उसातून कुणी ओरडत धावत आलं, तर त्याचा एकच अर्थ असतो. बायको आजारी आहे, हा तो अर्थ नव्हे.

अर्ध्या वाटेतच मळ्यावरची कुत्री उठली. मग ताटल्या वाजायला लागल्या. मी फाटकाशी पोचलो तेव्हा खिडकीतून एक सुतळी बॉम्ब बाहेर पडला आणि माझ्यापासून दहा हातांवर फुटला. मी दारावर थापा मारल्या. आतून पिकअपवाल्याचा आवाज आला, "कोन हाय?"

आणि मला बोलता येईना.

खरंच सांगतो, तोंड उघडलं तर आवाजच नाही. नुसतं "हा... हा..." नाव नाही, गाव नाही, काही नाही. पोटात कळ आलेली, डोळ्यांपुढं काजवे. आतून तो पुन्हा ओरडला, "कोन हाय त्ये? मागं हाय का त्यो? गोठ्यात शिरा! गोठ्याचं दार लावून घ्या!" आत त्याची पोरं रडत होती. त्याची बायको म्हणत होती, दार उघडू नका, तुमाला माजी शपथ हाय. मी पुन्हा थाप मारली. हात वर उचलवत नव्हता. मग तिथंच ओट्यावर बसलो, बसलो म्हणजे कोसळलोच. किती वेळ गेला देव जाणे. सात मिनिटं असतील, आठ असतील. मला श्वास सापडला आणि "मी हाय रे, नाना" एवढं तोंडातून निघालं, तेव्हा दार उघडलं.

पुढचं काय सांगायचं. पिकअप निघाली, वस्तीवर पोचली. ही दाराला टेकून बसली होती. अंग गरम होतं. आम्ही नारायणगावला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, अशात काही हातात नसतं, बाबा. डॉक्टर चांगला माणूस होता. पण मी गाड्या वेळेवर चालवलेला माणूस आहे. सात-आठ मिनिटं म्हणजे काय ते मला कळतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसला. मी त्या दारात नीट बोललो असतो, तर दार उघडलं असतं का? का बिबट्याच्या भीतीनं तरीही नसतं उघडलं? उघडलं नसतं, तर दोष त्यांचा. उघडलं असतं, तर माझा, माझ्या दमाचा. आणि माझ्या मनाला पक्कं वाटत होतं की नसतंच उघडलं. मला तसं वाटायला हवं होतं, असं म्हणा हवं तर.

म्हणून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेराव्यापर्यंत पिकअपवाल्याच्या घरून रोज ताट यायचं, भाकरी, पिठलं, कधी वरणभात. तो स्वतः घेऊन यायचा, ओट्यावर ठेवायचा, "नाना, खाऊन घ्या" म्हणायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. मी तोंड फिरवायचो. तो गेला की ताट कुत्र्याला घालायचो. त्याला हे कळलं असणार. पण ताट यायचं थांबलं नाही, तेराव्यापर्यंत आलंच.

मग सगळं सामसूम झालं. मुलगी आठवडाभर राहिली, चाकणला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, म्हैस विका आणि माझ्याकडं या." मी म्हणालो, बघू. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जावयाच्या घरी, मी करू काय? इथं निदान म्हैस माझी वाट बघते. घर दिवसा बरं असायचं. ऊन असतं, कामं असतात. पहाटे पाच ते सात मात्र मला त्या घरात थांबवत नसे. त्या वेळेला ही चुलीपुढं असायची, आणि एकटीच कुणाशी तरी बोलत असायची, म्हशीशी, मांजराशी, गेल्या वर्षीच्या पावसाशी. ते बोलणं बंद झालं आणि कानात नुसता गोंगाट बसला. मी उठायचो, दार ओढायचो आणि बाहेर पडायचो.

पहिले चार-पाच महिने नुसता चालत होतो. पिकअपवाल्याच्या मळ्याच्या वाटेनं जायचो नाही. मागून कालव्याच्या भरावावर चढायचो आणि तिकडून खोडदच्या बाजूला जायचो. भरावावर ऊस नाही, दोन्हीकडं मोकळं, म्हणून भीती कमी. हातात काठी, गळ्याला मफलर दोन फेर, कारण बिबट्या गळा धरतो. लांबवर खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात. कुणी सांगितलं होतं, फार लांबचं ऐकतात म्हणे त्या. मला हसू यायचं. म्हणायचो, ऐका बाबांनो, तुम्ही तरी ऐका.

एक दिवस भरावावर मैलाचा दगड दिसला, पुढं दुसरा दिसला. मधलं अंतर एक किलोमीटर. त्यापुढं आणखी पाव किलोमीटर धरलं की आमची वस्ती ते पिकअपवाल्याचं दार. तेवढंच. मी घड्याळात बघितलं आणि धावलो. मधे तीनदा थांबलो. सतरा मिनिटं लागली, आणि शेवटी उभा राहून बोलून बघितलं. "हिच्या छातीत दुखतंय, पिकअप काढ." पहिला शब्दसुद्धा निघाला नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. मी हे अंतर धावीन, न थांबता, आणि शेवटी हे वाक्य अख्खं बोलीन, एका दमात. काय उपयोग, असं विचारू नका. मलाही माहीत होतं की उपयोग नाही. ते काम अर्धवट राहिलं होतं आणि मला ते पुरं करायचं होतं, एवढंच.

मग रोजचं चालू झालं. नारायणगावहून बूट आणले. दुकानदार म्हणाला, "कुनासाठी, नातवासाठी का?" मी म्हणालो, "आजोबासाठी." लोकांचा त्रास वेगळाच. आमच्या भागात धावणारा म्हातारा म्हणजे काहीतरी झालेलं असणार. मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल थांबायची. "नाना, काय झालं? कोन गेलं?" कुणी नाही गेलं बाबा. "मंग धावता कशापायी? बसा की राव मागं, सोडतो." नको म्हटलं की त्याला राग यायचा. एक दूधवाला तर माझ्या बाजूनं पहिल्या गियरमध्ये अर्धा किलोमीटर चालला, क्याना वाजवत. म्हणत होता, "लई लाजाळू राव तुमी, बसा म्हन्तो तर!" शेवटी मी त्याला दोन शिव्या घातल्या. मग गेला.

वाक्याचं तर विचारू नका. रोज दुसऱ्या दगडाच्या पुढं पाव किलोमीटरवर उभं राहून बोलायचो. कालव्यावर धुणं धुवायला आलेल्या एका बाईनं ऐकलं. तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी दिसेना, मग धुणं तसंच गोळा करून भराव उतरून गेली. पुढं गावात बोभाटा झाला की डायवर नानाचं डोकं सरकलं. मुलीपर्यंत पोचलं ते. तिचा फोन आला, "बाबा, तुम्ही एकटे बोलता म्हणे?" मी म्हणालो, "अगं, मग कुणाशी बोलू?" मग मलाच वाईट वाटलं.

मागच्या वर्षी हिवाळ्यात जुन्नरला, शिवनेरीच्या पायथ्याशी, धावण्याच्या शर्यती होत्या. दहा किलोमीटरमध्ये साठच्या पुढच्यांचा गट होता. मला शर्यतीशी देणंघेणं नव्हतं, पण म्हटलं, दहा जमलं तर सव्वा काय चीज आहे. फॉर्म भरताना एक रकाना आला, संकटकाळी कुणाला कळवायचं? मी पेन धरून बसून राहिलो. टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, "आजोबा, घरच्या कुणाचाही नंबर लिहा." माझ्या मुलीचा लिहिला. चाकणहून जुन्नरला पोचायला तिला किती वेळ लागेल ते मनात आलंच.

आमच्या गटात तीनच जण. एक पुण्याचा साहेब, गॉगलवाला. एक मी. आणि एक जुन्नरचा शिंपी, कमानीजवळ पिढीजात दुकान असलेला, पांढरी दाढी मेंदीनं लाल केलेला, माझ्याच वयाचा. साहेब पुढं निघून गेला. मी त्याच्या मागं लागलो, कारण गाडी पुढं गेलेली मला कधीच खपली नाही. शिंपी माझ्या बरोबर आला आणि सारखा काहीतरी बोलत राहिला. शिलाईचं, जावयाचं, पावटा किती महाग झाला त्याचं. मला वाटलं, काय डोक्याला ताप आहे. मी उत्तर दिलं नाही. खरं तर देता येत नव्हतं. सहाव्या किलोमीटरनंतर तो बोलत बोलतच पुढं गेला.

मी पोचलो तिसरा. म्हणजे शेवटचा. एका पोरीनं गळ्यात पदक घातलं आणि तोंडासमोर माइक धरला, "आजोबा, या वयात धावण्याची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" मी तोंड उघडलं. "हा... हा..." लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मला असा संताप आला, की तो माइक घेऊन फेकावा. दीड वर्ष धावून मी त्याच दारात उभा होतो.

शिंप्यानं मला बाजूला नेऊन बसवलं, गुळाचा खडा दिला. म्हणाला, "भाईजान, तुमी रस्त्याशी भांडताय. धावताना बोलत ऱ्हावा. बोलनं तुटलं की समजायचं, जोरात चाललंय, मंग हळू व्हायचं. मी लोकांसंगट बोलतो ते काय वेड लागलं म्हनून न्हाई. दम मोजतो मी." मी त्याला विचारलं, कुणी नसलं बरोबर तर? म्हणाला, "कुनाला तरी आठवा आन् बोला. माझी बी न्हाई आता. मी तिच्याशीच बोलतो." पदकाचा पट्टा मजबूत होता, घरी आल्यावर गोठ्याच्या फाटकाला बांधून टाकला. अजून आहे.

त्या दिवसापासून मी हिच्याशी बोलत धावायला लागलो. म्हशीनं किती दूध दिलं, मुलगी काय म्हणाली, भाजीत मीठ जास्त पडलं. पहिल्यांदा लाज वाटली. मग सवय झाली, आणि मग तर घरात पाऊल टाकल्यावर बोलणं थांबायचं त्याचाच त्रास व्हायला लागला. दम वाढत गेला. पावसाळ्यात सव्वा किलोमीटर अकरा मिनिटांत, दसऱ्याला दहा. दिवाळीनंतर एका सकाळी नऊ मिनिटांत दुसऱ्या दगडापुढचा तो टप्पा गाठला, उभा राहिलो आणि म्हणालो, "हिच्या छातीत दुखतंय, पिकअप काढ." अख्खं निघालं. अगदी रोजच्यासारखं, मीठ दे म्हणावं तसं.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. कसलं काय. भरावावर उभा राहून मी हमसून रडलो. वाक्य जमलं, पण ते ऐकायला दार कुठं होतं? मला काय विचारायचं होतं, ते तर तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस मी स्वतःशी भांडत होतो. एक मन म्हणायचं, झालं ना, सोड आता. दुसरं म्हणायचं, जा त्या दारात. पहिलं म्हणायचं, अरे मेल्या, पोरंबाळं झोपलेली असतात, कसली थट्टा ही? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. दार उघडलं नाही तर मी सुटत होतो. तरी भीती वाटत होती.

आणि मग यंदाच्या थंडीत, पौषात, तशीच पहाट आली. लाईट आदल्या संध्याकाळपासून गेलेली. बिबट्यानं चार दिवसांपूर्वी पिकअपवाल्याचं कुत्रं उचललेलं. पाचला मी बूट घातले, बॅटरी घेतली आणि भरावाकडं वळायच्या ऐवजी उसाच्या वाटेला लागलो. तीन वर्षांत त्या वाटेनं पहिल्यांदा. मी ठरवून केलं. कुणी म्हणेल चुकून झालं असेल, तर नाही.

या खेपेला ओरडलो नाही. हिच्याशी हळू आवाजात बोलत राहिलो. म्हणालो, बघ, निघालोय, बस तू तिथंच. ऊस दोन्ही बाजूंनी सळसळत होता. भीती वाटली नाही असं नाही, पण पाय आपले चालत होते, श्वास आपला चालत होता. निम्म्यावर आलो तेव्हा राहिलेलं एक कुत्रं भुंकायला लागलं. मळ्यावर ताटल्या सुरू झाल्या. खिडकीतून बॉम्ब आला, अंगणात फुटला. सगळं तसंच, तंतोतंत. मी फाटक ओलांडलं, ओट्यावर चढलो, दारावर थाप मारली.

"कोन हाय?"

"मी नाना," मी म्हणालो. "हिच्या छातीत दुखतंय. पिकअप काढ."

कडी वाजली. मी वाक्य पुरतं संपवलंसुद्धा नव्हतं आणि कडी निघाली होती. पिकअपवाला बनियनवर, अनवाणी, हातात किल्ली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मला खांद्यानं बाजूला सारत तसाच अंगणात धावला. मागं टोमॅटोचे क्रेट होते, ते दोन्ही हातांनी खाली भिरकावले. मला ऐकू येत होतं, पाठीमागून त्याची बायको पोरांना ओरडत होती, ती वाकळ द्या, ती जाड वाकळ द्या आजीसाठी. ती वाकळ घेऊन धावतच आली आणि पिकअपच्या मागच्या फळीवर अंथरायला लागली. बिबट्याचं नाव कुणी काढलं नाही. इंजिन सुरू झालं, दिवे लागले, माझ्या तोंडावर उजेड आला.

"बसा, नाना! काकी कुठं, घरात का ओट्यावर..."

तिथं तो थांबला.

त्याची बायको वाकळीचं एक टोक धरून तशीच उभी राहिली. दिव्यांच्या उजेडात ताटलीएवढे डोळे करून पोरं दारातून बघत होती. तो सीटवरून माझ्याकडं बघत होता, आणि मी बघितलं, त्याला सगळं कळलं. मी कुठून धावत आलो ते, का आलो ते, तीन वर्षं त्यांच्याशी का बोललो नाही ते. शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. माझं चुकलंच होतं. झोपेतल्या माणसांना उठवून, त्यांच्या पोरांना भेदरवून, नसलेल्या माणसासाठी गाडी काढायला लावणं ही काय रीत झाली? तो एवढंच म्हणाला, "नाना, त्या दिवशी तुमी येक शबुद बोलला असता, तर..."

त्यानं पुढं म्हटलं नाही. मला माहीत होतं.

त्यानं किल्लीकडं हात नेला.

"बंद करू नको," मी म्हणालो. "जरा वेळ चालू राहू दे."

त्यानं हात मागं घेतला. मी मागच्या फळीवर, त्या वाकळीवर जाऊन बसलो, आणि उजाडेपर्यंत गाडी तशीच चालू होती.